रोजची अर्धी वाटी

मातीनं झारीमामांना फसवलं असं कुणी म्हटलं असतं, तर गल्लीत हशा पिकला असता. चौतीस वर्षं सार्वजनिक बागेत नोकरी आणि निवृत्तीनंतर सात वर्षं घरोघरच्या कुंड्यांची डॉक्टरकी. लांब चोचीची पत्र्याची झारी सदा हातात, म्हणून ते झारीमामा झाले. खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं. माणूस उंच, जरा वाकलेला आणि बोलायला महा तिखट. कुणी म्हणालं, "मामा, रोज पाणी घालते हो, तरी झाड वाळतंय," की मामा तोंड उघडण्याआधी उजव्या हाताची तर्जनी कुंडीत दोन पेरं खुपसायचे आणि मग तेच बोट त्या बाईच्या डोळ्यांपुढे धरायचे. बोट कोरडं ठणठणीत असायचं.

"तुम्ही घालता, बाई, पण ही पीत नाही. घालणं वेगळं आणि पिणं वेगळं."

एकदा एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. घरापुढे गुलाबांचा वाफा, त्याला रोज तासभर नळीनं पाणी, आणि तरी गुलाबांच्या काटक्या झालेल्या. मामांनी ओंजळभर पाणी वाफ्यावर सोडलं. ते मुरलं नाही. त्याचे गोल चकचकीत थेंब झाले आणि मातीवरून घरंगळत डॉक्टरांच्या बुटांपाशी आले. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

"भूतबित नाही, डॉक्टर," मामा म्हणाले. "माती फार दिवस वाळली ना, की तिच्या कणाकणावर मेणचट लेप बसतो. कुजलेल्या पानांचा, बुरशीचा. मग ती पाण्याला अंगाला शिवू देत नाही. रुसलेल्या माणसापुढे ताट आदळून चालत नाही, शेजारी बसावं लागतं."

आणि मामा खरोखरच बसले. दातेरी काट्यानं वाफ्याला भोकं पाडली. झारीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून ते पाणी थोडं थोडं दिलं, मध्ये दहा दहा मिनिटं थांबून. शेवटी चिकणमाती आणि कुजलेलं खत मिसळून वर पाचोळ्याचं पांघरूण घातलं. कुंडी असेल तर उपाय आणखी सोपा, असं ते सांगत. अख्खी कुंडी टबात बुडवायची, बुडबुडे थांबले की पोट भरलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या गुलाबांना फूट आली आणि मामांची एक दाढ फुकटात निघाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मामांच्या स्वतःच्या घरात होता, खिडकीजवळच्या स्टुलावर, रंगाच्या रिकाम्या बादलीत.

ती बादली मामींची होती. मामी शिवणकाम करायच्या. कपडा नुसता बघून माप सांगतील अशा. झाडांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. पाच वर्षांपूर्वी असाच शब्दाला शब्द वाढला आणि मामा बोलून गेले, "तुझ्या हाताला दगडसुद्धा लागायचा नाही." त्या दिवशीच्या सरबतातली लिंबाची एक बी मामींनी पदराला पुसली. रंगाच्या बादलीला बुडाशी भोकं पाडली, दुकानातून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि पानांचं खत आणलं आणि बी लावली.

"ही काय माती आहे?" मामा हसले. "उशीत भरायचा भुसा नुसता. एकदा वाळला की संपलं."

"वाळू देईन तर ना!" मामी म्हणाल्या. "आणि ऐकून ठेवा. या बादलीत तुमचं बोट जायचं नाही. गेलं तर तुम्ही जिंकलात आणि मी हरले. ते मी मेले तरी व्हायचं नाही."

मामांनी शब्द दिला. पुढे पाच वर्षं ते येता-जाता तर्जनी पुढे करून बादलीकडे झुकायचे आणि मामी शिवणाच्या लाकडी पट्टीनं तिच्यावर फटका मारायच्या. लिंबू कमरेइतकं झालं. मामांनी त्याचं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, पण बागेतल्या जुन्या सोबत्यांना मात्र सांगितलं की बाईनं बीचं झाड केलं.

मग मामींचं हृदय थकलं. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, उताणं झोपलं की धाप लागायची. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला एक लिटर, त्याच्यावर थेंब नाही. पाण्याच्या बाबतीत मामांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी खुणा असलेला काचेचा जग आणला. रोज सकाळी तो लिटरच्या खुणेपर्यंत भरून मामींच्या उशाशी ठेवायचा, आणि संपला की संपला.

"अहो, एक घोट."

"आजचा झाला."

"झारीतले शुक्राचार्य आहात नुसते!" असं म्हणून मामी हसायच्या, आणि हसता हसता त्यांना धाप लागायची, म्हणून मामा त्यांना हसूही देत नसत. शेवटच्या दिवसांत त्यांनी हसणं सोडलं. लिंबाचं खिडकीजवळचं स्टूल पलंगाला खेटून ठेवायला लावलं आणि त्या झाडाकडे बघत पडून राहायच्या. शेवटच्या दुपारी काचेच्या जगात बोटभर पाणी उरलं होतं, ते मामांनी संध्याकाळच्या गोळ्यांसाठी राखून ठेवलं होतं.

"टोपणभर द्या," मामी म्हणाल्या. "जास्त नको."

"गोळ्यांच्या वेळी," मामा म्हणाले.

गोळ्यांची वेळ आलीच नाही. माणसं आली, गेली, आणि ते बोटभर पाणी जगात तसंच राहिलं. मामांना ते ओतून देववेना. चौथ्या दिवशी त्यांनी ते लिंबाला घातलं.

तेव्हापासून ते रोज दुपारी त्याच जगानं लिंबाला लिटरभर पाणी देऊ लागले. वरून, कडेकडेनं, बोट न लावता. शब्द दिला होता, आणि ज्याला तो दिला ते माणूस आता सूट द्यायला राहिलं नव्हतं. पाणी घातलं की खालच्या ताटलीत टक, टक, टक असा आवाज सुरू व्हायचा. मामा रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून तो ऐकायचे. पहिले पंधरा दिवस त्यांना वाटलं, बरं आहे, झाड पितंय.

मग पानं गळू लागली. पण सगळीकडची नाही. खिडकीकडची बाजू आधी पिवळी पडली आणि उघडी झाली, तिथे जास्त ऊन होतं तरीसुद्धा. दाराकडची बाजूही गेली. हिरवी राहिली ती फक्त पलंगाकडची फांदी. खोलीत शिरलं की झाड मामींच्या उशीकडे तोंड करून उभं आहे असं वाटायचं. मामा दुसऱ्या खोलीत झोपू लागले. पाठीला ती गादी टोचते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

एका दुपारी त्यांचं लक्ष ताटलीतल्या पाण्याकडे गेलं. ते नितळ होतं. कुंडीतून आलेलं पाणी चहाच्या रंगाचं असतं, हे मामा झोपेतही सांगतील. मातीतून गेलं की पाणी मातीचं थोडंफार घेऊन येतंच. हे मात्र जसं घातलं तसं बाहेर आलं होतं, काचेसारखं. मामांनी ताटली उचलली आणि ते पाणी परत जगात ओतलं. लिटरच्या खुणेला जेमतेम अर्धी वाटी कमी भरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मोजलं, तर अर्धी वाटी कमी. तिसऱ्या दिवशीही अर्धी वाटी. आठवडाभर लिटर घातलं आणि अर्धी वाटी सोडून सगळं परत मिळालं. त्यांनी सकाळी घालून पाहिलं, संध्याकाळी घालून पाहिलं, माप बदललं नाही.

आता कुणीही म्हणेल, अहो मामा, तुम्हीच ना ते, डॉक्टरांच्या वाफ्यावर बसणारे? मग एवढं साधं कळू नये? कळत होतं. भुसा वाळलाय, पाणी झिडकारतोय, कडेच्या फटीतून सरळ खाली जातंय, हे मामांना चांगलं कळत होतं. त्यांनी ते मोठ्यानं म्हणूनही पाहिलं त्या खोलीत. "वाळलाय, दुसरं काही नाही." पण रिकाम्या खोलीत ते वाक्य त्यांना स्वतःलाच पटेना. ज्या बाईला आपण घोटभर पाणी नाकारलं, तिचं झाड आपलं पाणी जसंच्या तसं परत करतंय, हेही त्यांना तितकंच कळत होतं. आणि मामांना भीती वाटत होती. उगाच आडवळणानं कशाला सांगायचं? चौतीस वर्षं बागेत साप, विंचू पाहिलेला माणूस दुपारच्या लख्ख उजेडात एका रंगाच्या बादलीला भीत होता.

दोन महिने झाले तेव्हा धाकटी आली. धाकटी म्हणजे मामींची पाठची बहीण; पन्नाशी उलटली तरी घरात तिला हेच नाव. आली ती सरळ खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

"भाऊजी, हे असं काय झालंय?"

"पाणी कमी पडलं असेल."

"तुमच्या घरात पाणी कमी पडलं?"

मामांनी मग लपवलं नाही. तिच्यादेखत लिटरभर पाणी घातलं. पाणी भुशावर क्षणभर थरथरत उभं राहिलं, त्याचे मणी झाले, मणी कडेला पळाले आणि खाली टक टक सुरू झालं. आवाज थांबल्यावर मामांनी ताटली जगात रिकामी केली आणि जग तिच्यापुढे धरला.

धाकटीनं खूण पाहिली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई तुमच्या हातचं पाणी घेत नाहीये, भाऊजी."

"काहीतरी बरळू नकोस."

"मग ही अर्धी वाटी कोण पितं?"

वाळलेली माती पाणी झिडकारते तेव्हा सगळंच झिडकारते. रोज मोजून अर्धी वाटी ठेवून घेत नाही. त्यांनी बादलीच्या कडीला हात घातला आणि ती स्टुलावरून उचलली. पाच वर्षांचं झाड, वीस लिटरची बादली, आणि ती एका हातात आली. इतकं हलकं काहीतरी त्यांनी याआधी एकदाच उचललं होतं, शेवटच्या आठवड्यात, चादर बदलताना. त्यांनी बादली अलगद खाली ठेवली.

"हिला बुडवायला हवी," ते म्हणाले.

"मग बुडवा की. साऱ्या गावाला सांगता ना?"

"आणि नाही प्यायली तर?"

एवढंच होतं सगळं. टबातही प्यायली नाही तर पुढे उपाय नव्हता. झाड जाणार आणि त्यासोबत मामांनी मनात धरलेलं एक वाक्यही जाणार, की ही माझ्यावर रागावून गेली नाही. धाकटीला ते न सांगता कळलं असावं. ती उठली, मोरीतला कपडे भिजवायचा मोठा टब ओढत त्याच खोलीत घेऊन आली आणि त्यात कोमट पाणी भरू लागली. मामांनी बादली त्यात ठेवली.

बादली बुडाली नाही. पाण्यावर तरंगत राहिली आणि हळूहळू पलंगाच्या बाजूला कलली. मामांनी खोड धरून ती सरळ केली. हात सोडला, तशी ती पुन्हा कलली, पलंगाकडेच.

"टब वाकडा असेल," धाकटी म्हणाली.

मामांनी बादली अर्धी फिरवली. आता हिरवी फांदी खिडकीकडे आली. हात काढल्यावर बादली क्षणभर स्थिर राहिली आणि मग ती हिरवी फांदीच खाली झुकली. पुन्हा फिरवली तरी तेच. बादली कशीही ठेवली तरी आधी पलंगाकडे असलेली ती एकच बाजू खाली जात होती, आतून कुणी धरून ओढावं तशी. धाकटीनं तोंडावर पदर धरला. खोलीत लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि मामांच्या अंगावर काटा उभा राहिला.

पण हात माळ्याचे होते. भीतीखाली, चौतीस वर्षांच्या सवयीनं, त्यांच्या डोक्यात एक साधा विचार सरकला. कलते ती बाजू जड. जड का? ओली म्हणून. मग बाकी सगळी वाळलेली असताना एवढीच ओली कशी?

मामांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. लाकडी पट्टीचा फटका बसेल असं त्यांना खरंच वाटलं आणि बसला असता तर त्यांनी तो आनंदानं खाल्ला असता.

"हरलीस बरं का," ते पुटपुटले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा बोट आत घातलं.

भुसा तिथे मऊ होता, गार आणि ओला. बादलीच्या कडेला तळहाताएवढी जागा, तेवढीच. मामांनी वरचा थर बोटानं बाजूला सारला. खाली मुळ्याच मुळ्या होत्या, पांढऱ्या, जिवंत, एकमेकींत गुंतून त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं जमलेल्या. बाकी बादलीभर मुळ्यांच्या काड्या झाल्या होत्या. आणि मुळ्यांच्या मध्ये, कडेला टेकून, औषधाच्या बाटलीचं एक टोपण रुतलेलं होतं.

मामांनी ते बाहेर काढलं आणि सदऱ्याला पुसलं.

मुळं कुठे जातात हे माळ्याला वाचता येतं. जिथे रोज पाणी मिळतं तिथे ती जातात. एका जागी, रोज, थोडं थोडं, पलंगावर पडल्या पडल्या हात पोचेल तिथे. मामांनी टोपण डोळ्यांसमोर धरलं. असली पाच-सहा टोपणं म्हणजे अर्धी वाटी होते. बाकी सगळी बादली वाळून मेणचट झाली, ही एकच जागा कधी वाळली नाही, म्हणून मामांच्या लिटरमधलं पाणी मुरलं ते इथेच.

"काय आहे ते?" धाकटीनं विचारलं.

"तिच्या वाटणीचं पाणी," मामा म्हणाले. "त्या लिटरातलं. ती झाडाला घालत होती." एक घोट द्या, टोपणभर द्या. त्यांना वाटलं होतं ती स्वतःसाठी मागतेय. तिलाही तहान होतीच. जीभ टाळ्याला चिकटायची तिची. त्यातलंच काढून ती याला पाजत होती, कारण स्वतः उठून नळाशी जाता येत नव्हतं आणि नवऱ्याला सांगितलं असतं तर ती हरली असती. "मला सांगायचं ना गं," मामा रिकाम्या पलंगाला म्हणाले. "बोट न लावता घातलं असतं. झारीनं घातलं असतं." आणि ते हमसून हमसून रडले. माणसं आली-गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

धाकटीनं त्यांना रडू दिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "भाऊजी, दोन महिने तुमचं पाणी जे मुरलं ते जिथं ताईचा हात होता तिथंच मुरलं. एवढं ध्यानात ठेवा. आणि आता उठा, पाणी गार होतंय."

मामा उठले. टोपण टबातून भरलं आणि पहिलं पाणी त्या जागीच घातलं. मग मामींची विणकामाची सुई घेऊन साऱ्या भुशाला खोल भोकं पाडली. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले आणि बादलीच्या काठावर दोन्ही हात टेकून अंगाचा सगळा भार देऊन ती खाली दाबली. पाणी काठावरून आत शिरलं. काही क्षण काहीच झालं नाही.

एक बुडबुडा वर आला. मग दुसरा, पलंगाकडच्या बाजूनं. मग आतून घळ् घळ् असा आवाज सुरू झाला, फार दिवसांच्या तहानलेल्या माणसानं भांडं तोंडाला लावावं तसा. तो आवाज खोलीभर घुमत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. टबातलं पाणी डोळ्यांदेखत उतरू लागलं. त्याचा रंग हळूहळू चहासारखा झाला. मामांच्या हाताखाली बादली जड होत गेली आणि एका क्षणी त्यांना ती दाबून धरावी लागेना. ती आपली आपण टबाच्या तळाशी टेकली.

"भाऊजी, पाणी संपत आलं," धाकटी म्हणाली आणि सवयीनं तिनं खिडकीतला काचेचा जग उचलला.

"तो ठेव तिथे," मामा म्हणाले. ते मोरीत गेले आणि झारी काठोकाठ भरून घेऊन आले. ती टबात रिकामी करून पुन्हा गेले, पुन्हा भरून आणली. दुपार कलली, पलंगावरचं ऊन भिंतीवर चढलं, तरी आत घळ् घळ् चालूच होतं. मामांचा सदरा कोपरापर्यंत भिजला होता. येता-जाता ते झाडाशी हलक्या आवाजात बोलत होते, पी, सावकाश पी, आहे भरपूर.

"किती झालं हो हे?" धाकटीनं विचारलं.

"मोजलं नाही," मामा म्हणाले आणि झारी घेऊन पुन्हा नळाकडे गेले.